नायिकेला काय हवं आहे?

जपानी मंगा, म्हणजे तिकडची चित्रकथा, आता कोल्हापूरच्या पोरापोरींना परका राहिलेला नाही. मोबाइलवर ॲनिमे पाहायचा, मग त्याची मूळ चित्रकथा शोधून वाचायची आणि वहीच्या मागच्या पानावर तसेच मोठे डोळे, तशाच उडणाऱ्या बटा काढून पाहायच्या, हे घरोघरी चाललेलं असतं. यातल्या काहींना स्वतःची चित्रकथा करायची असते. त्यांचा नायक पहिल्या पानापासून ठसठशीत असतो. त्याला सूड घ्यायचा असतो, गाव वाचवायचं असतं किंवा जगात पहिलं यायचं असतं. नायिका मात्र दिसते छान आणि करत काहीच नाही. नायकावर जीव लावणं, संकटात सापडणं आणि तो जखमी झाला की रडणं, एवढंच तिच्या वाट्याला येतं. तिला कथेतून काढून टाकलं तर नायक थोडा उदास होईल, पण कथा तसूभरही हलणार नाही.

हा दोष चित्रकलेचा नाही, कथेचा आहे. त्यावरचा उपाय मंगानं स्वतःच शोधला आहे. आणि कोल्हापूरच्या मातीत वाढलेल्या चित्रपटानं तर तो त्याच्याही आधी शोधला होता.

मंगातल्या बायकांचा प्रवास

ओसामू तेझुकांची ‘रिबन नो किशी’ ही मालिका 1953 मध्ये मुलींच्या मासिकात सुरू झाली. तिची नायिका सॅफायर राजकन्या आहे, पण गादी दुष्टांच्या हाती जाऊ नये म्हणून ती राजपुत्र बनून वावरते. तिच्या आयुष्यात प्रेम येतं, पण राज्याची जबाबदारी त्याच्या आधीपासून तिच्या खांद्यावर असते.

पुढे 1970 च्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया यांच्यासारख्या तरुण स्त्री-चित्रकारांनी मुलींसाठीच्या मंगाचा चेहराच बदलला. रियोको इकेदा यांची ‘व्हर्सायचा गुलाब’ ही मालिका 1972 मध्ये सुरू झाली. तिच्यातल्या ऑस्करला बापानं मुलासारखं वाढवलं आहे आणि ती फ्रान्सच्या राजवाड्याच्या पहाऱ्यावर अधिकारी आहे. ती आंद्रेवर प्रेम करते आणि ते प्रेम वाचकाला हलवून सोडतं. पण ज्या राजसत्तेची चाकरी केली तिच्याविरुद्ध, भुकेल्या लोकांच्या बाजूनं उभं राहायचा निर्णय तिचा स्वतःचा आहे. बास्तीयच्या लढाईत ती मरते, ती त्या निर्णयापायी.

अलीकडचं उदाहरण हिरोमू अराकावा यांच्या ‘फुलमेटल अल्केमिस्ट’चं. 2001 ते 2010 या काळात आलेल्या या मालिकेतली विन्री नायकाची बालमैत्रीण आहे आणि तिचं त्याच्यावर प्रेमही आहे. तरी तिची खरी ओळख कृत्रिम हातपाय बनवणारी कारागीर हीच. तिचे डॉक्टर आईवडील युद्धात जखमींची सेवा करताना मारले गेले. माणसाला पुन्हा उभं करण्याचं तिचं काम त्या दुःखाशी जोडलेलं आहे. नायक गावात नसला तरी तिच्या हातातला पाना थांबत नाही. युकी सुएत्सुगु यांच्या ‘चिहायाफुरू’मधल्या चिहायाला करुता या पत्त्यांच्या खेळात अव्वल व्हायचं आहे. तिच्याभोवती प्रेमाचा त्रिकोण आहे, पण कथा चालते ती खेळाच्या ओढीनं.

या सगळ्यांत प्रेम आहे. प्रेम काढून टाका असं कोणी म्हणत नाही. जिला स्वतःचं काहीतरी हवं असतं तिचं प्रेमही मोलाचं ठरतं, कारण त्यासाठी तिला काही सोडावं लागतं. जिच्याकडे सोडण्यासारखं काहीच नाही, तिचं प्रेम वाचकाला फुकटचं वाटतं.

करवीरची (कोल्हापूरची) परंपरा

‘राजा हरिश्चंद्र’ या 1913 च्या चित्रपटात नायिका तारामती झाले होते अण्णा साळुंके, एक पुरुष. त्यानंतर काही वर्षांतच कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘सैरंध्री’त स्त्री-भूमिका स्त्रियांनाच दिल्या. 1920 चा हा चित्रपट. विषयही पाहा: अज्ञातवासातली द्रौपदी, तिच्यावर डोळा ठेवणारा कीचक आणि न्याय मिळेपर्यंत स्वस्थ न बसणारी ती. पेंटर मुळात चित्रकार होते. पात्रांचे पोशाख आणि हालचाली ते आधी कागदावर रेखाटत. आजचा चित्रकथाकार करतो ते तेच.

त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह 1929 मध्ये कोल्हापुरात ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी उभी केली. तुतारी फुंकणारी स्त्री हे प्रभातचं बोधचिन्ह. 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गा खोटे तारामती झाल्या, आणि त्याच वर्षीच्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये स्त्रीराज्याची राणी. 1933 मध्ये कंपनी पुण्याला गेली, पण घडलेली दृष्टी बरोबर घेऊन. ‘अमरज्योती’तल्या (1936) सौदामिनीला पोटच्या मुलाचा ताबा कायदा नाकारतो. ती समुद्रावर चाचेगिरीला उतरते आणि सत्तेशी वैर धरते.

पण माझ्या मते सगळ्यात धाडसी नायिका ‘कुंकू’ची (1937). ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो बेतला होता. मामा फसवून नीराचं लग्न म्हाताऱ्या विधुराशी लावतो आणि ती हे लग्न मानायलाच नकार देते. शांता आपटे यांनी रंगवलेल्या या नीराला सोडवायला कोणी तरुण प्रियकर येत नाही. दाराबाहेर कोणी वाट पाहत नाही. तिला एवढंच हवं आहे की अन्यायाला अन्याय म्हटलं जावं. सगळा चित्रपट त्या एका नकारावर उभा आहे. प्रेमप्रकरणाशिवाय नायिकेची कथा चालेल का, या शंकेचं उत्तर मराठी पडद्यानं जवळपास नव्वद वर्षांपूर्वीच देऊन ठेवलं आहे.

आणि या शहराचा इतिहास? हंबीरराव मोहित्यांची लेक ताराबाई 1700 मध्ये, पंचविशीत, विधवा झाली. पती राजाराम महाराजांच्या मागे तिनं लहान मुलाच्या नावानं कारभार हाती घेतला आणि औरंगजेबाशी सात वर्षं झुंज दिली. मोगलांच्या बाजूचा इतिहासकार खाफीखानालाही तिची हुशारी मान्य करावी लागली. पुढे करवीरची वेगळी गादी तिनंच उभारली. तिला राज्य टिकवायचं होतं. तिच्यावर चित्रकथा काढताना मध्ये एखादा काल्पनिक प्रियकर घालावासा वाटला, तर आपण तिच्या ध्येयावर पुरेसा विश्वास ठेवलेला नाही असं समजावं.

काढायला बसण्यापूर्वी

नवोदितांनी पहिली चौकट आखण्याआधी नायिकेबद्दल काही प्रश्नांची उत्तरं लिहून काढावीत. नायक भेटण्याच्या आदल्या दिवशी ती काय करत होती? तिला काय मिळवायचं आहे आणि ते नाही मिळालं तर तिचं काय जाईल? नायकाशी तिचं कुठे पटत नाही? तिचा स्वतःचा कोणता निर्णय चुकतो आणि त्याची किंमत ती कशी मोजते? दुसऱ्या स्त्रीशी ती नायक सोडून कशाबद्दल बोलते? ही उत्तरं चित्रातही दिसू द्यावीत. तिचे डोळे जितक्या निगुतीनं काढता तितक्याच निगुतीनं तिचे हात काढा, तिचं हत्यार काढा, कामात गुंतलेली तिची पाठ काढा.

विषयांची वाण नाही. मंगात खेळकथांची मोठी परंपरा आहे, आणि कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोन रायफल प्रकारात जगज्जेती झाली. इथलीच राही सरनोबत 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक घेऊन आली. श्वास रोखून नेम धरणारी मुलगी, दहाचा तो इवलासा ठिपका आणि मधला एक क्षण: चित्रकथेला याहून चांगली सामग्री काय हवी?

म्हणून कोल्हापूरच्या तरुण चित्रकारांना आग्रहाचं सांगणं आहे. जपानकडून रेषा शिका, चौकटींची लय शिका, आणि त्याबरोबर ‘कुंकू’ही पाहा. आईवडिलांनाही विनंती आहे की मुलांच्या हातातली चित्रकथा हिसकावून घेऊ नका, एकदा त्यांच्याशेजारी बसून वाचा आणि विचारा, यातल्या मुलीला काय हवं आहे? मुलांना उत्तर सापडलं नाही, तर तिची गोष्ट नव्यानं लिहायला त्यांना कागद आणून द्या.