चिठ्ठी निघाली, प्रयोग सुरू झाला

अकोट नगर परिषदेची मतमोजणी व्हायला कितीतरी आठवडे असतात, तेव्हाच तिथल्या अर्ध्या इच्छुकांचं भवितव्य ठरून गेलेलं असतं. ते ठरतं आरक्षण सोडतीच्या दिवशी. सभागृह गच्च भरलेलं असतं आणि टेबलावर एक पारदर्शक बरणी असते. अधिकारी बरणी रिकामी असल्याचं सगळ्यांना दाखवतात, एकसारख्या घडीच्या चिठ्ठ्या आत टाकतात, बरणी हलवतात आणि शाळेतल्या एखाद्या पोरीला पुढे बोलावतात. ती हात घालून चिठ्ठी काढते. नंबर वाचला जातो, चिठ्ठी सभागृहाकडे फिरवून दाखवली जाते. पाच वर्षं नाल्यांपासून तेरवीच्या पंगतीपर्यंत राबलेल्या माणसाची जागा तेवढ्यात 'महिला' होते. "आता घरच्या बाईलेच उभं करा लागते," असं म्हणत मंडळी चहाच्या टपरीकडे वळतात.

सगळंच काही नशिबावर नसतं. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणानुसार, उतरत्या क्रमाने ठरतात. पण त्यातल्या महिलांच्या जागा कोणत्या, इतर मागासवर्गाच्या कोणत्या, सर्वसाधारण महिलांच्या कोणत्या, हे बरीचदा चिठ्ठीच ठरवते. नगराध्यक्षपदाची चिठ्ठी तर अकोटात निघतही नाही. राज्यभरातल्या नगराध्यक्षपदांची सोडत मुंबईत होते. गावोगावच्या सरपंचपदांचं आरक्षण ठरवण्यासाठी तहसील पातळीवर हाच खेळ रंगतो.

निवडणूक म्हणजे विचार करून निवड आणि चिठ्ठी म्हणजे निव्वळ योगायोग. मग लोकशाहीच्या घरात चिठ्ठी शिरली कशी? खरं तर ती या घरात मतपत्रिकेच्याही आधीपासून राहते. प्राचीन अथेन्समध्ये पाचशे जणांचं मंडळ चिठ्ठीनेच नेमत. तिथे त्यासाठी खाचा पाडलेली दगडी शिळाच होती. खाचांमध्ये नागरिकांच्या नावांच्या पट्ट्या खोचत आणि बाजूच्या नळीतून काळी-पांढरी गोळी पडे, त्यावरून कोणती ओळ राहिली नि कोणती गेली ते ठरे. निवडणुकीत नाव, पैसा आणि वक्तृत्व असलेलाच पुढे जातो. चिठ्ठी ही अधिक लोकशाहीची रीत, असा तिथला समज ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवला आहे.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. तमिळनाडूत कांचीपुरमजवळ उत्तरमेरूर नावाचं गाव आहे. तिथल्या देवळाच्या भिंतीवर इ.स. 920 च्या सुमाराचे, चोळ राजा परांतक पहिला याच्या काळातले शिलालेख आहेत. ग्रामसभेच्या समित्या कशा निवडायच्या याचे नियमच त्यात कोरले आहेत. गावाचे तीस वार्ड. उमेदवाराचं वय पस्तीस ते सत्तर, स्वतःची जमीन आणि स्वतःचं घर हवं. आधी समितीवर असताना ज्याने हिशेब दिला नाही, तो बाद. पात्र माणसांची नावं ताडपत्रावर लिहून मडक्यात टाकायची आणि आत काय आहे हे ठाऊक नसलेल्या लहान मुलाकडून एक पान काढून घ्यायचं. बायकांना आणि भूमिहीनांना त्या मडक्यात जागा नव्हती, हे विसरून चालणार नाही. पण लहान मुलाचा हात मात्र हजार वर्षांपूर्वीही लागत होता!

मतांची बरोबरी झाली की आपणही ईश्वरचिठ्ठीच काढतो. 2017 साली मुंबई महापालिकेच्या 220 क्रमांकाच्या प्रभागात दोन उमेदवारांना प्रत्येकी 5,946 मतं पडली आणि नगरसेवक कोण ते चिठ्ठीने ठरलं.

इथवर चिठ्ठीचं काम भिशीतल्यासारखंच आहे: कुणी रुसू नये, कुणाचा वशिला चालू नये. पण तिच्यात आणखी एक ताकद आहे, आणि ती कळली की अकोटच्या त्या बरणीकडे बघण्याची नजरच बदलते.

समजा, आपल्याला विचारायचं आहे की बाई निवडून आली तर वार्डात काही फरक पडतो का. सरळ तुलना करून उत्तर मिळणार नाही. जिथे लोक आपणहून बाईला निवडून देतात, तो वार्ड मुळातच वेगळा असू शकतो. मग झालेला फरक बाईमुळे की वार्डामुळे, हे सांगणार कोण? पण कोणता वार्ड बाईला जाणार हे पोरीच्या हाताने ठरवलं असेल, तर दोन्हीकडच्या वार्डांमध्ये आधी ठरवून केलेला कोणताच भेद उरत नाही. पुढे पुरेशा वार्डांमध्ये ठळक फरक दिसला, तर तो आरक्षणाचाच. नव्या औषधाची चाचणी घेताना डॉक्टर नेमकं हेच करतात.

अभ्यासकांनी ही संधी हेरली. मुंबईत 1997 साली काही वार्ड महिलांसाठी राखीव होते, 2002 साली ते खुले झाले. रिखिल भवनानी यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की आधी राखीव असलेल्या वार्डांत, आरक्षण उठल्यावरही, बाई निवडून येण्याची शक्यता इतर वार्डांच्या सुमारे पाचपट होती. पश्चिम बंगालमध्येही प्रधानपदं (म्हणजे आपली सरपंचपदं) कुणाच्या मर्जीशिवाय राखीव होतात. तिथल्या 495 गावांतल्या अभ्यासात, दोनदा बाई प्रधान झालेल्या गावांमध्ये मुलामुलींच्या शिक्षणातली तफावत मिटलेली आढळली. नवी शाळा बांधून हे झालं नव्हतं. खुर्चीवर बाई बसलेली दिसली, याचाच तो मुख्यतः परिणाम, असं अभ्यासकांचं म्हणणं. हा अभ्यास करणाऱ्यांपैकी एस्थर डफ्लो यांना पुढे 2019 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

म्हणजे 1993 साली स्थानिक संस्थांत महिलांना आरक्षण देणारी 73वी आणि 74वी घटनादुरुस्ती लागू झाल्यापासून हा देश नकळत एक अवाढव्य प्रयोग चालवतो आहे. सरपंचपतींचा कारभार आपण रोज बघतो, फिरत्या आरक्षणामुळे चांगल्या नगरसेवकाचा वार्ड हातचा जातो हेही खरं. तरीही हे दोष किती मोठे आणि लाभ किती, हे आपल्याला मोजता येतं, ते चिठ्ठीमुळे.

याच्या शेजारी आपले बाकीचे 'प्रयोग' ठेवून बघा. थेट जनतेतून सरपंच 2017 साली आला, 2020 साली गेला, 2022 साली परत आला. थेट नगराध्यक्षाचंही असंच येणं-जाणं चालू आहे. 2021 च्या ग्रामपंचायत निवडणुकीत सरपंचपदाची सोडत मतदानानंतर काढली. आरक्षण आधी माहीत नसेल तर गैरप्रकार होणार नाहीत, ही कल्पना मोठी चतुर होती. पण काही गावांत ज्या प्रवर्गाची चिठ्ठी निघाली, त्या प्रवर्गाचा सदस्यच निवडून आलेला नव्हता. हे सगळे बदल राज्यभर एकदम झाले, एकदम गेले. तुलनेसाठी जुन्या रीतीने चालणारी गावं चिठ्ठी टाकून राखून ठेवलीच नाहीत, त्यामुळे थेट सरपंच बरा की सदस्यांनी निवडलेला, हा वाद आजही पारावर जिथल्या तिथे आहे. याला फेरबदल म्हणतात, प्रयोग नव्हे.

मग चिठ्ठीला आणखी एक काम का देऊ नये? अकोटसारख्या गावात निम्मे प्रभाग सोडतीने काढावेत. त्यांत वर्षभर दर महिन्याला नगरसेवकाने उघडी सभा घ्यायची, तक्रारी फळ्यावर लिहायच्या, पुढच्या महिन्यात काय झालं ते त्याच फळ्यावर. बाकीच्या प्रभागांत आहे तसं चालू द्यायचं. वर्षअखेरीस नाल्या, दिवे, नळ मोजायचे. फरक दिसला तर ती रीत सगळीकडे लागू करायची, नाही दिसला तर सोडून द्यायची. "आमच्याकडे का नाही?" असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार आहे आणि ते अख्ख्या गावाला पटतं: चिठ्ठी सगळ्यांदेखत निघाली. राज्यकर्त्यांना हे अवघड वाटेल, कारण यात "आमचा निर्णय चुकला" म्हणायची तयारी लागते. लोकांना अवघड वाटू नये. आयुष्यभराची राजकीय स्वप्नं ते एका शाळकरी पोरीच्या हाती सोपवतात आणि तिने दिलेला निकाल निमूट मान्य करतात. वर्षभराची एक चाचणी त्यापुढे काहीच नाही.