शिंगणापूरचा चौथरा आणि सत्तरच्या दशकातली तरुणाई

नोव्हेंबर २०१५. नेवासा तालुक्यातल्या शनिशिंगणापूरला एक तरुणी चौथऱ्यावर चढली, शनीच्या शिळेला तेल वाहिलं आणि उतरून निघून गेली. बाईने चौथऱ्यावर जायचं नाही, ही तिथली प्रथा. त्यामुळे गावाने बंद पाळला, शिळेला दुधाचा अभिषेक करून शुद्धी करण्यात आली. पुढे पाच महिने हे प्रकरण गाजत राहिलं.

हे सगळं अचानक घडलं, असं अनेकांना वाटलं. पण बंद असलेल्या ठिकाणी सरळ जाऊन उभं राहायचं, ही रीत महाराष्ट्रातल्या तरुणांनी चाळीस वर्षं आधीच अंगी बाणवली होती.

सत्तरच्या दशकात काय झालं?

१९६७ मध्ये पुण्यात डॉ. कुमार सप्तर्षी आणि त्यांच्या मित्रांनी युवक क्रांती दल म्हणजे 'युक्रांद' सुरू केलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याच वर्षी राज्यात भीषण दुष्काळ होता. त्या काळात डॉ. बाबा आढाव यांनी 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ हाती घेतली. शिबिरं, पथनाट्यं, लिटल मॅगझिन, रात्र रात्र चालणारे वाद आणि खांद्याला झोळी अडकवून खेड्यात जाणं, हे त्या पिढीतल्या अनेकांचं कॉलेजजीवन होतं.

आता यातली मेख बघा. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ मध्येच झाला होता. कागदावर प्रत्येक सार्वजनिक विहीर सगळ्यांना खुली होती. गावात मात्र ती बंदच होती. कायदा आणि गाव यांच्यातलं हे अंतर कुणीतरी पायी चालून कापायला हवं होतं. ते काम या चळवळींनी अंगावर घेतलं.

मग शिंगणापूरशी संबंध कसा?

पाणवठ्याच्या चळवळीत काम केलेल्यांपैकी एक होते डॉ. नरेंद्र दाभोलकर. पेशाने डॉक्टर आणि कबड्डीचे नामवंत खेळाडू. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि २००० मध्ये शिंगणापूरच्या चौथऱ्याचा प्रश्न हाती घेतला. आंदोलन झालं, प्रकरण उच्च न्यायालयातही गेलं. चौथरा मात्र उघडला नाही. २०१३ मध्ये दाभोलकरांची हत्या झाली.

विहिरीची गोष्ट इथे पुन्हा दिसते. हिंदू मंदिरांत प्रवेश नाकारणं गुन्हा ठरवणारा राज्याचा कायदा १९५६ चा. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण साठ वर्षं तो चौथऱ्यापर्यंत पोहोचलाच नव्हता.

२६ जानेवारी २०१६ ला तृप्ती देसाई यांच्या भूमाता ब्रिगेडच्या महिलांना पोलिसांनी पारनेर तालुक्यातल्या सुपे इथेच अडवलं. न्यायालयात याचिका केली ती विद्या बाळ आणि ॲड. नीलिमा वर्तक यांनी. विद्याताई तेव्हा ७९ वर्षांच्या होत्या. १ एप्रिलला उच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं, की आहे त्या कायद्याची अंमलबजावणी करा. तरीही दुसऱ्या दिवशी महिलांना चौथऱ्यापाशी अडवण्यात आलं.

शेवट कसा झाला?

वाद चिघळल्यावर देवस्थानाने पुरुषांनाही चौथरा बंद केला होता. ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, प्रथेप्रमाणे गोदावरीचं पाणी घेऊन आलेले पुरुष बंदी झुगारून चौथऱ्यावर चढले. त्याच दिवशी विश्वस्तांनी तो सर्वांसाठी खुला केला. म्हणजे कुलूप निघालं ते परंपरा पाळणाऱ्यांच्या रेट्याने. पण ते फक्त पुरुषांपुरतं निघालं नाही, याचं कारण आधीची चळवळ आणि निकाल.

यातला सगळ्यात अवघड मुद्दा वेगळाच आहे. जानेवारी २०१६ मध्ये देवस्थानाच्या अध्यक्षपदी प्रथमच एक महिला, अनिता शेटे, निवडून आल्या आणि त्यांनी प्रथेचीच बाजू घेतली. पाणवठ्यावर गेलेल्या तरुणांनाही हाच अनुभव येत असे: पाय विहिरीपर्यंत एका दिवसात पोहोचतात, मन वळायला मात्र वर्षं लागतात.