पेशी, कापूस आणि आपले रक्त



आज आपण पेशीबद्दल बोलू. नाव पुस्तकी वाटते, पण जामच्या शिवारात वेचणीला जाणारी प्रत्येक बाई पेशी हाताळते. कापसाचा एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच लांबलेली पेशी. बोंड फुटले की ती वाळते, उरते तिची भिंत. तीच आपण वेचतो.

जिवंत पेशीला बाहेरून पातळ पडदा असतो, आत दाटसर द्रव असतो आणि त्यात केंद्रक असते. आईवडिलांकडून आलेले गुण या केंद्रकात असतात. झाडाच्या पेशीला पडद्याबाहेर भिंतही असते, माणसाच्या पेशीला नसते. विरजणातले जिवाणू तर एकाच पेशीचे, त्यांना केंद्रक नसते.

शरीरात जसे काम, तसा पेशीचा आकार. रक्तातली तांबडी पेशी गोल, चपटी, मध्ये दबलेली. तयार होताना ती केंद्रक टाकून देते आणि प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला जागा करते. ती लवचीक असते, बारीक नसांतूनही वाकून जाते आणि सुमारे १२० दिवस जगते.

आपल्या विदर्भात काही घरांत हीच पेशी विळ्यासारखी वाकते, कडक होते. हा सिकलसेल आजार. अशा पेशी नसांत अडकतात, म्हणून हातपाय, सांधे असह्य दुखतात. त्या १० ते २० दिवसांतच मरतात, म्हणून रक्त कमी पडते.

हा आजार शिवण्याने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. तो जन्माने येतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणजे दोन्हीकडून गुण आला तरच. मग एकट्या सुनेला बोल का लावायचा? वाहकाला सहसा काही त्रास नसतो, त्यामुळे तपासल्याशिवाय कळतही नाही.

१ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. तपासणीबद्दल आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. लग्न ठरवताना पत्रिकेआधी मुलाचे आणि मुलीचे, दोघांचेही रक्त तपासा. घरात कुणाला आजार असेल तर भरपूर पाणी द्या, थंडीपासून जपा, डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नका.

गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय नक्की काढू या.