आवाज कुठला तुझा?

फर्स्ट इयरच्या पहिल्या महिन्यात नोटीस बोर्डावर एक कागद लागतो. “गायन-वादनासाठी निवड चाचणी, इच्छुकांनी नावे द्यावीत.” होस्टेलच्या प्रत्येक विंगमधून चार-पाच जण उत्साहाने नाव देतात. दुसऱ्या दिवशी तिघा-चौघांची निवड होते. बाकीचे रूमवर येऊन “जाऊ दे यार, आपला प्रांत नाही तो” असं म्हणतात आणि पुढची चार वर्षं फक्त बाथरूममध्ये गातात.

मीही त्या बाकीच्यांतलाच. कॉन्व्हेंट शाळेत असेंब्लीत पहिल्या रांगेत गाणारा मुलगा होतो. आठवीत आवाज फुटला आणि सिस्टरनी मला हळूच मागच्या रांगेत उभं केलं. कॉलेजच्या चाचणीत हौसेने एक सिनेमातलं गाणं घेतलं, तेही कॅसेटवर असतं त्याच पट्टीत. अंतऱ्याला आवाज असा काही फाटला की तबल्यावरच्या सीनिअरने हात थांबवून पाणी प्यायला घेतलं. “थँक यू, नेक्स्ट!” संपलं.

पुढे एका रविवारी शाळेतला जुना मित्र मला चर्चच्या गायकवृंदाच्या, म्हणजे कॉयरच्या सरावाला घेऊन गेला. तिथे हार्मोनियमवर बसलेल्या आंटींनी “गाणं येतं का?” असं विचारलंच नाही. त्या म्हणाल्या, “बाबा, तुझा आवाज कुठला?” मला प्रश्नच कळला नाही. म्हटलं, “आंटी, माझा चांगला नाही.” त्या हसल्या. “चांगला-वाईट नंतर बघू. कुठला ते सांग!”

या दोन प्रश्नांमधला फरक समजावून सांगण्यासाठीच हा लेख.

चार आवाजांचं गणित

आपलं गाणं मुख्यतः एका स्वररेषेवर चालतं. गायक आपला सा ठरवतो आणि बाकी सारं त्याच्याभोवती फिरतं. पुरुष साधारणपणे काळी एक-दोन धरतात, बायका काळी चार-पाच. कॉयरमध्ये मात्र एकाच वेळी चार ओळी चालतात. बायकांचा वरचा आवाज सोप्रानो, खालचा आल्टो. पुरुषांचा वरचा टेनर, खालचा बेस. आपल्या भाषेत, म्हणजे हर्ट्झमध्ये सांगायचं तर ढोबळमानाने बेस 80 ते 330, टेनर 130 ते 440, आल्टो 175 ते 700 आणि सोप्रानो 260 ते 880. सीमा माणसागणिक थोड्या इकडेतिकडे होतात, पण कल्पना येईल.

मुलांचा आवाज फुटतो म्हणजे काय? स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळपास एक सप्तक खाली येतो. तार लांब आणि जड केली की कंपनसंख्या घटते, हे आपण अकरावीच्या फिजिक्सला सोनोमीटरवर केलंय. म्हणजे माझा आवाज बिघडला नव्हताच, फक्त पत्ता बदलला होता! मी मात्र सहा वर्षं जुन्याच पत्त्यावर शोधत होतो. आंटींनी एकेक सूर खाली नेत मला गायला लावलं आणि म्हणाल्या, “बेस. मागे, डाव्या बाजूला.” पुन्हा मागची रांगच, पण या वेळी शिक्षा म्हणून नव्हे.

शेजारच्याचा सूर आणि आपला सूर किंचित वेगळा असेल तर काय होतं? एकाचा 200 हर्ट्झ आणि दुसऱ्याचा 203, तर आवाज सेकंदाला तीन वेळा कमी-जास्त होतो. तेच ते बीट्स. कॉयरमध्ये हा थरार कानाने ओळखायचा आणि तो विरेपर्यंत आपला सूर सरकवायचा. म्हणून तिथला पहिला नियम असा, की शेजारचा ऐकू येत नसेल तर आपण फार जोरात गातोय. कॉलेजच्या स्टेजवर बरोब्बर उलटं शिकवतात!

हे आलं कुठून?

चर्चमधलं गाणं म्हणजे सगळं इंग्रजी आणि गिटारवर, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा. टिळक म्हटलं की रत्नागिरीकराला टिळक आळी आणि लोकमान्य आठवतात. पण नारायण वामन टिळकही आपल्याच जिल्ह्यातले. त्यांचा जन्म 1861 साली करजगावचा. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई त्यांच्या पत्नी. रेव्हरंड टिळकांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण अभंग, भजन आणि कीर्तन सोडलं नाही. उलट तेच देवळाबाहेर काढून चर्चमध्ये नेलं. 1919 साली ते गेले. मराठी प्रोटेस्टंट चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून त्यांची गीतं आजही पेटी-तबल्यावर गातात.

कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा पूर्वी लॅटिनमध्ये होई. 1962 ते 1965 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला वाट मोकळी केली आणि मराठी गीतांनाही जागा मिळाली. रत्नागिरी जिल्हा 2005 सालापासून सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येतो. त्याआधी तो पुणे धर्मप्रांतात होता. इथल्या कॉयरमध्ये त्यामुळे मराठी, कोंकणी आणि इंग्रजी असा तिहेरी कारभार असतो. एकाच सकाळी तीन भाषांत उच्चार सांभाळायचे म्हणजे व्हायवाच समजा.

शेजारी गोव्यात तर ही जुनी परंपरा. पोर्तुगीज काळात तिथे चर्चला जोडलेल्या शाळांतून पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. तिथे तयार झालेले वादक पुढे मुंबईच्या सिनेसृष्टीत गेले. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल त्यांचे व्हायोलिनचे शिष्य. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये ज्या नावावर आपण गॅदरिंगला नाचतो, ते नाव शिष्याने गुरूला वाहिलेलं आहे!

आणि कॉयर म्हणजे चर्चच असंही नाही. सलील चौधरींनी 1958 साली बॉम्बे यूथ कॉयर उभं केलं, ते कुठल्याच धर्माचं नव्हतं. 2010 साली शिलाँग चेंबर कॉयरने ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ जिंकलं आणि घरोघरी लोकांना चार आवाज एकत्र ऐकायची सवय लागली.

चाचणीत काय बघतात?

मी नंतर पाच-सहा चाचण्या बघितल्या, काही दिल्या, एक-दोन घेतल्याही. साधारण क्रम असा.

पहिलं, सूर पकडणं. पेटीवर एक सूर वाजवतात, तो ‘आ’कारात म्हणायचा. घाई करू नका. आधी ऐका, मनात म्हणा, मग तोंड उघडा.

दुसरं, पल्ला. एकेक सूर वर आणि खाली नेतात. आवाज चिरकला तर लाजायचं कारण नाही. तुमची सीमा कुठे आहे हे बघणं हाच त्याचा उद्देश असतो. यंत्र कुठे मोडतं हे बघायला आपण नाही का टेन्साइल टेस्ट करत?

तिसरं, लक्षात ठेवणं. चार-पाच सुरांची ओळ एकदा ऐकवून परत म्हणायला लावतात. टाळीवर ठेका धरायला सांगतात.

चौथं, दुसऱ्याबरोबर गाणं. शेजारचा वेगळी ओळ गातोय आणि तुम्ही तुमच्या ओळीवर टिकायचं. पहिल्या वेळी जवळजवळ सगळेच घसरतात, त्यामुळे घसरल्यावर परत जागेवर कसे येता हे बघतात.

शेवटी तुमच्या आवडीचं गाणं. इथे माझी चूक करू नका. मूळ गायकाची पट्टी तुमची नव्हे. आदल्या दिवशी पेटीवाल्या मित्राकडे बसून आपली पट्टी ठरवा, ती कागदावर लिहा आणि चाचणीत स्पष्ट सांगा. आठवडाभर आधी पाठ केलेलं कठीण गाणं घेण्यापेक्षा दहा वर्षं गुणगुणलेलं सोपं गाणं केव्हाही बरं.

आपल्या मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवात भारतीय आणि पाश्चात्त्य असे दोन्ही समूहगानाचे प्रकार असतात. गट लहान असतो, त्यामुळे सहा चांगले सोलो गायक घेऊन भागत नाही, खालची ओळ निष्ठेने धरणाराही एक लागतो. तो बहुधा कुठल्या तरी रूममध्ये “आपला प्रांत नाही” म्हणत बसलेला असतो.

काही नाजूक गोष्टी

मी ख्रिस्ती नाही. म्हणून सरावाला बसण्याआधी फादरना भेटलो. त्यांनी गायला आनंदाने परवानगी दिली. दोन गोष्टी मात्र पाळायच्या. कम्युनियनच्या रांगेत जायचं नाही, कारण तो फक्त त्या संस्कारात दीक्षित झालेल्यांसाठी असतो. आणि प्रार्थना चालू असताना कॉयरच्या जागेत कुजबूज, मोबाईल वगैरे बंद. आपण पाहुणे आहोत हे विसरायचं नाही, एवढंच.

विंगमध्ये “काय रे, बाटलास काय?” हे ऐकावं लागलं. पहिल्यांदा राग आला. मग वाटलं, ज्या मित्राने मला तिथे नेलं, तो शाळेत दहा वर्षं आमच्याबरोबर गणपतीच्या आरतीला टाळ वाजवायचा. त्याला कुणी असं विचारलं नव्हतं. आणि विचारलं असेल तर तो मला कधी बोलला नाही. तेव्हापासून मी उत्तर देणं सोडलं.

तरी एक प्रश्न उरतोच, न मानलेले शब्द गायचे का? माझं आजचं उत्तर असं आहे. काही ओळींना मी मनापासून गातो, काहींना फक्त सूर देतो आणि जिथे ओठ अडतात तिथे गप्प राहतो. आंटींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “गप्प राहशील तिथे श्वास घे. पुढच्या ओळीला लागतो.” घरी सांगितलं तेव्हा आईने विचारलं, “सकाळी उपाशी जातोस की काही खाऊन?” आणि बाबांनी विचारलं, “परीक्षा कधी आहे?”

बाबांचा प्रश्न रास्त होता. नाताळचा सराव नोव्हेंबर-डिसेंबरात ऐन रंगात येतो आणि आपली सेमिस्टरही तेव्हाच. पवित्र सप्ताह मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे सबमिशनच्या तोंडावर. मध्यरात्रीच्या मिस्सासाठी रेक्टरसरांची लेखी परवानगी लागते. हे सगळं सुरुवातीलाच सांगून टाका. महिन्यात दोनच रविवार येणार असाल तर दोनच सांगा. चारचं वचन देऊन दोनदा येणारा माणूस कुठल्याही कॉयरला नको असतो.

गेल्या नाताळात मी पहिल्यांदा पूर्ण मिस्सा गायलो. समोरच्या बाकांवर बसलेल्या कुणालाही माझा आवाज वेगळा ऐकू आला नसणार. पण मधेच खोकला आला म्हणून मी दोन ओळी थांबलो, तेव्हा आंटींनी पेटीवरून मान वळवून माझ्याकडे बघितलं.

तेव्हा पुढच्या वेळी नोटीस बोर्डावर कागद लागला की नाव द्या. “नेक्स्ट!” म्हणाले तर म्हणू देत. त्याच संध्याकाळी कुणाची तरी पेटी मागून आणा आणि आधी शोधा, की आपला आवाज आहे तरी कुठला.