मोटारीचा मंद दिवा

कल्याणहून उल्हासनगर, अंबरनाथ करीत बदलापूरला जाताना पावसाळी रात्री समोरून एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी येते, आणि तिचा एकच दिवा लागलेला असतो. पायी चालणाऱ्याला वाटते, मोटारसायकल आली. तो तेवढीच जागा सोडतो. म्हणून हे काम उद्यावर टाकू नये.

दिवा मुळीच लागत नसेल तर दोन्ही बाजूंच्या बल्बांची अदलाबदल करून पाहा. दोष बल्बाबरोबर पलीकडे गेला, तर बल्ब उडाला. जागीच राहिला, तर होल्डर, वायर, फ्यूज तपासा. दोन्ही दिवे मंद असून इंजिनाचा वेग वाढताच उजळत असतील, तर बॅटरी आणि चार्जिंगचा पट्टा पाहावा.

पण एकच दिवा पिवळट मिणमिणतो, तेव्हा लोक उगाच नवा बल्ब आणतात. अहो, वीज दिव्यापर्यंत जाते, तशी तिला परतायलाही वाट लागते! ती वाट म्हणजे गाडीचा पत्रा. आपल्याकडच्या पावसात अर्थिंगच्या स्क्रूखाली गंज धरतो आणि वाट अडते. १२ व्होल्टांतला दहावा हिस्सा तिथे खर्ची पडला, की उजेड जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने घटतो. दिवा चालू ठेवून जाड वायरीचे एक टोक बॅटरीच्या उणे बाजूला व दुसरे दिव्याच्या अर्थिंगला टेकवा. अधिक बाजूला मात्र चुकूनही नको. दिवा उजळला, तर गंज खरवडून स्क्रू आवळा.

उडालेल्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे आजही भेटतात. मग फ्यूजऐवजी वायर जळते, कधी गाडीही.