तंबोऱ्याचा भोपळा, गिटारचे चुंबक

सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर-मंगळवेढ्याकडे मोठा कडू भोपळा पिकतो, तो भाजीसाठी नव्हे. वाळून टणक झाला की तो मिरजेला जातो आणि त्याचा तंबोरा होतो. हाच तंबोरा गिटारसोबत वर्गात आणला, तर एक देखणा प्रयोग साधतो.

गिटारची तार बरोबर मध्यावर छेडा. फोनवरच्या ध्वनी-आलेखात दुप्पट कंप्रतेचा उपस्वर जवळजवळ दिसत नाही, कारण तारेचा मध्य हा त्याचा निस्पंद (न हलणारा) बिंदू. आता तंबोऱ्याची तार तशीच छेडा. तो उपस्वर स्वच्छ ऐकू येतो! सी. व्ही. रामन यांनी 1921 साली हेच दाखवून दिले. सगळी किमया तारेखालच्या घोडीची: तिचा माथा रुंद, किंचित गोलसर, त्यावर तार टेकत-सुटत थरथरते. तारेखालचा सुती दोरा सरकवून पाहा, उपस्वरांची ही गुंज, म्हणजे जवारी, लगेच मावळते.

इलेक्ट्रिक गिटारला भोपळा लागत नाही. पोलादी तार चुंबकावर थरथरली की भोवतीच्या वेटोळ्यात वीज उमटते. मात्र या चुंबक-वेटोळ्याला, म्हणजे पिकअपला, फक्त आपल्या डोक्यावरची तार कळते. तो तारेच्या बरोबर पाव अंतरावर बसवला, तर मोकळ्या तारेचा चौपट कंप्रतेचा उपस्वर त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही.