पुंगळीने काय सोसलंय?

जालना जिल्ह्यातल्या आसईच्या मैदानात २३ सप्टेंबर १८०३ रोजी मराठी पलटणी आणि इंग्रज सेनापती वेलस्लीचे शिपाई एकमेकांना भिडले, तेव्हा दोन्हीकडे ठासणीच्या बंदुका होत्या. कागदी पुडी दाताने फोडायची, दारू आणि गोळी नळीत सोडायची, गजाने ठासायची. बार झाला की कागदही संपला. आजच्या रायफलीतून बार झाल्यावर पितळेची रिकामी पुंगळी मागे उरते. परदेशात अनेक नेमबाज तीच पुंगळी नवी दारू, ती पेटवणारी नवी कॅप आणि नवी गोळी घालून पुन्हा वापरतात. त्यांच्यात एक वाद कायम चालतो: पुंगळी लष्करी घ्यावी की बाजारातल्या कंपनीची?

आपल्याकडे हा घरबसल्या करायचा छंद नाही. १९५९चा शस्त्र कायदा काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंही दारूगोळ्यातच मोजतो, त्यामुळे परवान्याशिवाय त्यांना हात लावता येत नाही. पुंगळीचं धातुशास्त्र मात्र आपल्या शेजारचं आहे. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९पासून आहे, आणि जालन्याला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यात वरणगावचा कारखाना १९६४मध्ये उभा राहिला.

रायफलीच्या पुंगळीचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. बार होतो त्या क्षणी चेंबरमधला दाब हवेच्या दाबाच्या चार हजार पटींवर जातो. पुंगळी फुगते, चेंबरच्या भिंतीला घट्ट बसते आणि तापलेल्या वायूची मागची वाट बंद करते. दाब उतरताच ती किंचित आकसते, म्हणून सहज बाहेर निघते. एवढं लवचीक आणि एवढं मजबूत असणं हेच तिचं काम.

हा गुण तिच्यात घडणीतून येतो. पितळेची छोटी वाटी साच्यातून पुन्हा पुन्हा ओढून लांब नळी करतात. थंड धातू ओढला की कडक होतो, म्हणून मधूनमधून तापवून नरम करतात. भांडं ठोकता ठोकता कडक झालं की तांबट ते भट्टीत घालतो, त्यातली युक्ती हीच. शेवटी पुंगळीचं बूड कडक आणि मान नरम ठेवली जाते. मान तापवल्याचा निळसर-तपकिरी डाग लष्करी पुंगळीवर बहुधा तसाच दिसतो. नागरी कंपन्या तो घासून चकाकी आणतात. केवळ डाग पाहून माल खराब समजू नये.

खरा फरक आत असतो. ७.६२ × ५१ या लष्करी मापाची पुंगळी दिसायला .३०८ विंचेस्टर या नागरी पुंगळीसारखीच, पण पुष्कळदा जाड भिंतीची आणि सुमारे एक ग्रॅम जड. पितळेची घनता साडेआठच्या आसपास धरली, तर एका ग्रॅमने सुमारे ०.१२ घन सेंटिमीटर जागा खाल्ली. आतली एकूण जागाच साडेतीन घन सेंटिमीटरच्या घरातली, म्हणजे तीनेक टक्के कमी. दारू तेवढीच आणि जागा कमी, की दाब चढतो. नागरी पुंगळीसाठी ठरवलेलं दारूचं माप लष्करी पुंगळीत डोळे झाकून घालणं धोक्याचं, ते यामुळे. पण हा नियम सरसकट लागू होत नाही: ५.५६च्या काही लष्करी पुंगळ्यांची आतली जागा नागरी पुंगळ्यांएवढीच भरते.

दुसरा फरक बुडाशी. मशीनगनच्या धक्क्याने कॅप निसटू नये म्हणून लष्करी पुंगळीत तिच्याभोवतीची कड दाबून बसवतात. नवी कॅप बसवण्याआधी ती कड काढावी लागते. युरोपातल्या अनेक लष्करी पुंगळ्यांत बर्डन पद्धतीची दोन बारीक छिद्रं असतात, तर बॉक्सर पद्धतीत मधोमध एकच, त्यामुळे जुनी कॅप सुईने सहज ढकलता येते. गंमत अशी की बर्डन अमेरिकी होता आणि बॉक्सर इंग्रज, पण अमेरिकेने बॉक्सरची पद्धत उचलली आणि युरोपातल्या बऱ्याच देशांनी बर्डनची.

पितळ काय काय सोसून आलंय हे मात्र वरून कळत नाही, आणि त्याचा धडा ब्रिटिश फौजेला हिंदुस्थानात मिळाला. पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये ठेवलेली काडतुसं न झाडताच तडकू लागली. या रोगाला ‘ऋतूतडा’ अशा अर्थाचं इंग्रजी नाव पडलं. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी त्याचं कारण मांडलं: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतली ओल आणि ओढकामातून धातूत अडकून राहिलेला ताण. तिन्ही एकत्र आले की पितळेच्या कणांच्या सीमांवरून तडे धावतात. घडवल्यानंतर हलकं तापवून तो ताण काढून टाकणं हा त्यावरचा इलाज. अमोनिया असलेल्या पॉलिशने पुंगळ्या घासू नयेत, या सल्ल्याचं मूळही इथेच आहे.

झाडलेल्या पुंगळीनेही काय सोसलंय ते वरून कळत नाही. दर बाराला आणि पुन्हा मापात दाबताना मान कडक होत जाते, शेवटी फाटते. मशीनगनच्या सैल चेंबरमध्ये ताणलेली पुंगळी बुडाच्या जरा वर आतून पातळ झालेली असते. पुन्हा झाडताना तिथेच तुटू शकते. म्हणून जाणकार बुडावरचा शिक्का आणि साल पाहून ढीग वेगळे करतात, वजन करतात आणि दोन जातींची सरमिसळ टाळतात. एकसारखी नेमबाजी हवी असेल, तर एकाच कंपनीची, एकाच खेपेची नवी नागरी पुंगळी कमी कटकटीची. लष्करी पुंगळी मजबूत आणि स्वस्त, पण ती एकदाच झाडलेली आहे आणि कोणत्या बंदुकीतून, हे माहीत असेल तरच. ते माहीत नसेल, तर तिची जागा भंगाराच्या भट्टीत, कारण तिथे वितळल्यावर जुना ताण पूर्ण पुसला जातो.